कडक बर्फावर कार्व्हिंग स्कीची कड दर हंगामात का सुटते? विदर्भात ठेवलेल्या स्कीची तपासणी आणि दुरुस्ती

तक्रार साधारण अशी असते. गेल्या मार्चमध्ये स्की छान धरत होती. घरी आणली, बांधून ठेवली, जानेवारीत काढली, कानस घेऊन कड, म्हणजे तळाच्या काठाची पोलादी पट्टी, दोन्ही बाजूंनी घासली. नखावर ओढली तर नखाचा कीस निघतो, म्हणजे धार आहे. गुलमर्गला सकाळी पहिल्या उतारावर, रात्रीतून गोठून टणक झालेल्या बर्फावर वळण घेतलं आणि बाहेरची स्की सुटली. संध्याकाळी पुन्हा कानस मारली. एक दिवस बरं गेलं, मग परत तेच. पुढच्या वर्षी तेच, पण आणखी थोडं जास्त.

अशा वेळी धार कमी पडली असं सगळ्यांना वाटतं. बहुतेकदा धार पुरेशी असते. बिघाड दोन ठिकाणी असतो. कड जिथून घासायची नाही तिथून घासली गेलेली असते, आणि स्कीचा तळ सपाट राहिलेला नसतो. पहिली चूक हाताची आहे. दुसरीला आपल्याकडचा उन्हाळा आणि ठेवण्याची जागा हातभार लावतात. म्हणून नुसती धार लावून हा त्रास जात नाही, उलट दर धारेगणिक वाढतो.

हे सगळं अरुंद, ताठ कार्व्हिंग स्कीबद्दल आहे, म्हणजे आडवी न घसरता कडेवर वळणाऱ्या स्कीबद्दल. कंबरेला, म्हणजे मधल्या सगळ्यात अरुंद जागी, ६५ ते ७२ मि.मी. रुंदी, आत लाकडाचा गाभा, त्याच्या वर-खाली टायटॅनलचे पत्रे. टायटॅनल हे नाव फसवं आहे, तो ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. स्लॅलम, म्हणजे छोट्या जवळजवळच्या वळणांच्या शर्यतीच्या, जातीची स्की १५५ ते १६५ सें.मी. लांब आणि वळणाच्या ११ ते १३ मीटर त्रिज्येची असते. जायंट स्लॅलम जातीची १७५ च्या पुढे, त्रिज्या १८ मीटर किंवा जास्त. मऊ बर्फाच्या रुंद स्कीला अर्ध्या अंशाची चूक चालून जाते, या स्कीला चालत नाही.

आधी उतारावरच दोष शोधा

कानस हातात घेण्याआधी स्कीची अदलाबदल करा. डावी उजव्या पायात, उजवी डाव्या पायात. या स्की दोन्ही पायांना सारख्याच असतात. अदलाबदल केल्यावर आतल्या कडा बाहेर जातात आणि बाहेरच्या, कमी वापरलेल्या कडा आत येतात. त्याच उतारावर, त्याच वेगात चार-चार वळणं घ्या.

घसरणं थांबलं तर आतल्या कडा झिजल्या आहेत. फक्त बाजूची धार लावा, काम झालं. घसरणं स्कीबरोबर दुसऱ्या पायावर गेलं तर दोष त्या एका स्कीत आहे. घसरणं त्याच पायावर राहिलं तर स्की निर्दोष आहे. मग बूट बघा. बुटाचा प्लॅस्टिकचा तळ दगड-काँक्रीटवर चालून झिजला की तो बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या कळीत, हलतो. आतलं अस्तर दबून सैल झालं असेल तर नडगी कलते पण स्की कलत नाही. दोन्ही पायांवर, अदलाबदलीआधी आणि नंतरही सारखंच घसरलं, तर तळाचा कोन, म्हणजे कडेच्या तळाकडच्या बाजूचा उतार, बिघडला आहे असं धरून चाला.

वळणात नेमकं कुठे सुटतं हेही लक्षात ठेवा. सुरुवातीला स्की झुकवली तरी काही लागत नाही, आणि मग एकदम झटक्याने पकडते, हे तळाचा कोन जास्त झाल्याचं लक्षण आहे. वळणाच्या मध्यावर पायाखालूनच पोहल्यासारखी सरकते, हे फुगलेल्या तळाचं. वळणाच्या शेवटी फक्त शेपटी सुटते तेव्हा वजन टाचेवर गेलेलं असतं किंवा शेपटीची कड दगडाने चेपलेली असते. स्की अडकते, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायलाच तयार होत नाही, तेव्हा तळ खोलगट झाला आहे किंवा कडेवर बर राहिली आहे. बर म्हणजे घासताना उलट बाजूला वळलेली पोलादाची बारीक कूस. नखाला ती धारेसारखीच लागते. नखाची परीक्षा म्हणूनच फसवते: कीस निघतो तो पुष्कळदा बरेमुळे, आणि ती बर दोन उतारांत मोडून पडते. "एक दिवस बरं गेलं" याचं कारण इथे सापडतं.

पटाशीची पाठ कोणी घासत नाही

सुताराची पटाशी आठवा. धार उताराच्या बाजूने लावतात. पाठ सपाटच ठेवायची, तिच्यावरची बर तेवढी दगडावर अलगद काढायची. पाठ एकदा गोल झाली की पटाशी कितीही धारदार असली तरी लाकडात सरळ जात नाही. रंध्याच्या पात्याचंही तसंच.

स्कीची कड अशीच असते. तळाकडची बाजू ही तिची पाठ आहे. तिला अर्धा अंश, फार तर पाऊण अंश उतार एकदाच द्यायचा असतो. तोच तळाचा कोन. बाजूच्या अंगाला ३ अंशांचा उतार असतो आणि सगळी धार तिथूनच लावायची असते. ०.५ आणि ३ असे कोन असले की कडेचा एकूण कोन ८७.५ अंश होतो. तज्ज्ञ स्कीयरला कडक बर्फासाठी हा पुरतो. ४ अंश स्पर्धेतले लोक वापरतात, पण ती धार लवकर मोडते आणि रोज दगड लावावा लागतो. इतकं करायची तयारी नसेल तर ३ वरच राहावं.

विळा किंवा कोयता दोन्ही अंगांनी घासण्याची आपल्या हाताला सवय असते. तोच हात स्कीवर चालला की दर वेळी तळाच्या बाजूने थोडं पोलाद जातं. अर्ध्याचा एक अंश होतो, एकाचा दीड. हिशेब पाहा. कड तळावर साधारण २ मि.मी. रुंद असते. अर्ध्या अंशाला तिचं टोक तळाच्या पातळीपासून सुमारे ०.०१७ मि.मी. वर राहतं, दीड अंशाला ०.०५२ मि.मी. फरक ०.०३५ मि.मी., म्हणजे डोक्याच्या केसाच्या साधारण निम्मा. इतक्यावर स्की धरते की सुटते हे ठरतं, कारण टणक बर्फात कड रुतते तीच मुळात फार थोडी. दीड अंशाची स्की प्रत्येक वळणाच्या आरंभी एक अंश जास्त झुकवावी लागते, आणि झुकवल्यावरही एक अंश कमी झुकल्यासारखीच वागते.

वाईट गोष्ट अशी की गेलेला तळाचा कोन बाजूने घासून परत येत नाही. तो परत आणायचा तर सगळा तळ तेवढा खाली घ्यावा लागतो. ते काम स्टोन ग्राइंडिंगच्या, म्हणजे फिरत्या दगडावर स्कीचा तळ घासणाऱ्या, मशीनचं आहे. नागपूर-अमरावतीच्या इंजिनिअरिंग वर्कशॉपमधल्या सरफेस ग्राइंडरवर स्की देऊ नका. ते मशीन धातूच्या ताठ ठोकळ्यासाठी आहे; कमान असलेली, लवचिक, प्लॅस्टिकच्या तळाची स्की त्यावर बसत नाही. वेल्डिंगच्या दुकानातला हातग्राइंडर तर कडेला लावूच नका. एका सेकंदात कड निळी पडते, पाणी उतरतं आणि ती जागा कायमची मऊ होते.

कोन किती गेला आहे ते बघायची पद्धत

कायम शाईचा काळा किंवा निळा मार्कर घ्या. तळाकडची कड टोकापासून शेपटीपर्यंत रंगवा. आता एक चांगली सपाट कानस तळावर आडवी, पूर्ण टेकवून ठेवा आणि जोर न देता एकदाच १० सें.मी. ओढा. शाई कुठेच निघाली नाही तर कडेला कोन आहे. सगळी निघाली तर कड तळाच्या पातळीत किंवा वर आहे, तळ खोलगट असण्याची शक्यता. फक्त आतल्या अर्ध्या भागाची निघाली तर कड गोल झाली आहे.

मग कानशीला वीजजोडणीचा चिकटपट्टा गुंडाळा. हा पट्टा साधारण ०.१३ मि.मी. जाड असतो. चार वेढ्यांची जाडी ०.५२ मि.मी. होते. वेढे घासायच्या कडेपासून ६० मि.मी. अंतरावर येतील असे ठेवले की कानस तळाशी बरोबर अर्धा अंश करते. आठ वेढे म्हणजे एक अंश, बारा म्हणजे दीड. कड पुन्हा रंगवून चार वेढ्यांनी एक हलका हात द्या. शाई कडेच्या बाहेरच्या टोकापर्यंत निघाली तर तुमचा कोन अर्ध्याच्या आत आहे, काळजी नको. फक्त आतली रेघ निघाली तर कोन जास्त आहे. आठ वेढ्यांनी बघा, मग बारा. हे मोजमाप आहे, घासकाम नाही. एका जागी एकच हात. तळाच्या बाजूने मन लावून घासण्याचा मोह इथेच होतो.

एक ते सव्वा अंशापर्यंत गेलेली स्की अजून वापरता येते, पण तळाला पुन्हा हात लावू नका. दीडच्या पुढे गेली असेल तर पुढच्या फेरीत ज्या दुकानात स्टोन ग्राइंडिंगचं मशीन आहे तिथे द्या आणि स्पष्ट सांगा: तळ पूर्ण सपाट करा, तळाचा कोन ०.५, बाजूचा ३. न सांगितलं तर भाड्याच्या स्कीला लावतात तसा एक अंश लागून येतो. टोक आणि शेपटी बोथट करू नका हेही सांगा. जुन्या सवयीने काही जण पुढचे १५-२० सें.मी. बोथट करतात. कार्व्हिंग स्कीचं वळण टोकाकडून सुरू होतं. तिथे फक्त बर्फाला टेकणाऱ्या जागेच्या पुढचे २-३ सें.मी. बोथट पुरतात.

तळ सपाट आहे का

यासाठी सुताराचा चांगला गुण्या किंवा पोलादी पट्टी लागते. पट्टीची कड आधी जाड काचेवर उभी धरून तपासा, कारण बाजारातल्या पट्ट्या वाकड्या निघतात. स्की तळ वर करून ठेवा, पट्टी आडवी उभी धरा, मागून मोबाइलचा दिवा लावा. दर १० सें.मी. वर बघत जा.

मध्ये उजेड दिसला आणि दोन्ही कडांवर नाही, तर तळ खोलगट. कडांपाशी उजेड आणि मध्ये पट्टी टेकून डोलते, तर तळ फुगलेला. एकाच स्कीवर टोकाला फुगीर, पायाखाली खोलगट, असंही सापडतं. पायाखालचा भाग, म्हणजे बाइंडिंगच्या खाली आणि त्याच्या पुढे-मागे २० सें.मी., सगळ्यात महत्त्वाचा. टोकाशी बारीक रेघ दिसली तर दुर्लक्ष करा.

ही तपासणी कधी करायची याला फार महत्त्व आहे. तळाचं पॉलिथिलीन तापल्यावर पोलादाच्या दहापटीहून अधिक पसरतं. तळ सव्वा ते दीड मि.मी. जाड असतो. मे महिन्यात ४४ अंशांच्या खोलीत आणि गुलमर्गच्या उणे ६ अंशांत त्याच्या जाडीत साधारण शतांश मिलिमीटरचा फरक पडतो. छोटा वाटेल, पण वर काढलेल्या ०.०३५ च्या हिशेबात तो एक-तृतीयांश आहे. उन्हाळ्यात कडेच्या पातळीत आणलेला तळ बर्फावर आत जातो. एप्रिल-मे मध्ये तळाला हात लावूच नका. डिसेंबर-जानेवारीची सकाळ धरा, ओसरीत १०-१२ अंश असतात तेव्हा, आणि स्की रात्रभर तिथेच ठेवलेली असावी. इस्त्रीने मेण लावल्यानंतरही निदान दोन-तीन तास गार होऊ द्या, मगच पट्टी लावा.

फुगवटा थोडा असेल तर घरी निघतो. खिडक्या बनवणाऱ्याकडून ॲल्युमिनियम सेक्शनचा ३० सें.मी. तुकडा आणा, काचेवर तपासा, त्याला १२० नंबरचा सिलिकॉन कार्बाइड पेपर ताणून गुंडाळा. तळावरचं मेण आधी खरवडून काढा. टोकाकडून शेपटीकडे, एकाच दिशेने, दोन्ही हातांचा सारखा दाब. दहा हात झाले की पुसून पट्टी लावा. मध्ये पट्टी डोलायची थांबली की थांबा. मग १८० नंबरच्या पेपरचे पाच-सहा हात. तळावर प्लॅस्टिकचे केस उभे राहतात, ते भांडी घासायच्या नव्या हिरव्या स्क्रबरने काढा, शेवटी मेण. या कामात पेपर कडांवरूनही जातो, म्हणून नंतर कडेवर बर बघायची.

खोलगट तळाला घरी उपाय मर्यादित आहे. पट्टीखालचा उजेड केसाएवढा असेल तर सपाट कानस दोन्ही कडांवर आडवी टेकवून हलके हात देता येतात, तळाला स्पर्श होईपर्यंत. त्याने तळाचा कोन शून्य होतो. मग चार वेढ्यांच्या कानशीने एकदा अर्धा अंश द्यायचा. तळाच्या बाजूने कानस लावायची परवानगी एवढीच. यापेक्षा खोल असेल तर मशीन.

बाजूची धार, नीट

सामान: ८७ अंशांचा (९० तून ३ वजा) बाजूचा गाइड, म्हणजे कानस ठरल्या कोनात धरणारा साचा, बारीक दातांची क्रोम कानस, हिऱ्याचे दगड २००, ४०० आणि ६०० नंबरचे, एक रबरी दगड, एक गुळगुळीत सिरॅमिक दगड, तारेचा ब्रश, खडू. गाइड नसेल तर अंदाजाने ३ अंश साधत नाही. त्यापेक्षा नुसता हिऱ्याचा दगड हलका फिरवून थांबावं.

बाइंडिंगचे ब्रेक वर बांधायला सायकलच्या ट्यूबचं कडं कापून घ्या. स्की व्हाइसमध्ये आडवी, कड वर येईल अशी पकडा; जबड्यांना बारदान किंवा रबर लावा.

आधी कडेवर बोट न लावता नुसती नजर फिरवा. दगडाला लागलेली जागा चमकते. घर्षणाने ती कडेहून कठीण झालेली असते आणि कानस तिच्यावरून किंचाळत घसरते. तसंच रेटलं तर कानशीचे दात जातात आणि आजूबाजूची कड खाली जाते, कठीण गाठ तशीच राहते. अशा जागा आधी २०० च्या दगडाने, गाइडमध्येच, चमक जाईपर्यंत मोडून घ्या.

पुढे कडेच्या वरचं प्लॅस्टिक बघा. दोन-तीन हंगाम धार लावून पोलाद आत गेलं की बाजूचं प्लॅस्टिक बाहेर राहतं. कानस त्याच्यावर चालते, दात भरतात, आणि कडेला कोन लागतच नाही. "कितीही घासलं तरी धार येत नाही" या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं. कडेलगतचं २-३ मि.मी. प्लॅस्टिक ५ ते ७ अंश आत झुकेल असं खरवडा. त्यासाठीचं हत्यार मिळतं. नसेल तर जाड दातांची कानस चालते. इथे रंधा नको, एका खोल हातात बाजू फाटते.

आता बाजूची कड मार्करने रंगवा. कानशीला खडू घासा म्हणजे कीस दातांत बसत नाही. गाइड तळाला घट्ट टेकवून टोकाकडून शेपटीकडे ओढा. जोर जास्त नको. योग्य दाबाला कानस बारीक सरसर आवाज करते आणि पोलादाचे छोटे कुरळे तुकडे निघतात. ३०-४० सें.मी. चा हात, पुढचा हात आधीच्यावर अर्धा चढवून. तीन-चार हातांनंतर ब्रशने कानस झाडा. शाई सगळीकडून निघाली की थांबा. शाई फक्त तळाकडे निघत असेल तर गाइडचा उतार आधीच्या धारेहून कमी आहे. फक्त वरच्या, प्लॅस्टिककडच्या बाजूला निघत असेल तर जास्त. मागच्या दुकानाने ३ च्या जागी २ लावले होते हे असंच कळतं.

मग हिऱ्याचे दगड. पाण्यात थोडं स्पिरिट मिसळून दगड ओला ठेवा. २०० चे पाच-सहा हात, ४०० चे पाच, ६०० चे पाच. दगड बदलला की आवाज बारीक होत जातो. ६०० ची चकाकी आलेली कड कानशीच्या खरखरीत कडेपेक्षा जास्त दिवस टिकते, कारण खरखरीत कडेचे सूक्ष्म दात बर्फाच्या पहिल्या खड्यांवरच मोडतात.

शेवटी बर. बाजूने घासल्यावर ती तळाकडे वळलेली असते. सिरॅमिक दगड तळाच्या कोनात, फक्त बोटाच्या वजनाने, एकदा टोकापासून शेपटीपर्यंत न्या. पुन्हा बाजूने ६०० चा एक हात. आता कापसाचं बोंड कडेवरून हलकं फिरवा. तंतू कुठे अडकले तर तिथे बर उरली आहे. रबरी दगड टोकाच्या त्या २-३ सें.मी. लाच, पूर्ण कडेवर फिरवून मेहनत वाया घालवू नका.

कानस वर्षातून एक-दोनदा. उतारावरच्या दिवसांत रोज संध्याकाळी ४०० आणि ६०० चे तीन-तीन हात पुरतात. कड संपणारी वस्तू आहे.

घरात दहा महिने

दर वर्षी तोच बिघाड परत येतो त्याचं निम्मं कारण इथे आहे. स्की ओल्या पिशवीत बंद करून गुलमर्गहून विदर्भात येईपर्यंत दोन दिवसांत कडेवर तांबूस थर येतो. पिशवीत घालण्याआधी जुन्या धोतराच्या फडक्याने कडा कोरड्या करा, पिशवीची चेन थोडी उघडी ठेवा, घरी पोचल्या दिवशी बाहेर काढा.

तांबूस थर रबरी दगडाने जातो. खड्डे पडले असतील तर २०० चा दगड, बाजूने. चिंच, लिंबू, व्हिनेगर लावून गंज काढू नका. आम्ल कड आणि तळ यांच्या फटीत शिरतं आणि आतून गंज चालू राहतो. जवसाचं तेलही नको. ते वाळून चिकट पापुद्रा होतं, कानशीचे दात भरतं आणि तळात मुरलं तर मेण धरत नाही.

संरक्षणाला मेण सगळ्यात चांगलं. मऊ, उष्ण हवामानाचं पॅराफिन मेण जाड थराने तळावर आणि कडा झाकतील असं पसरवा आणि खरवडू नका. काहीच नसेल तर पांढरी साधी मेणबत्ती या कामाला चालते. इस्त्री विजेची, वाफ नसलेली, ११० ते १२० अंशांवर. मेणाचा धूर निघाला की ती जास्त तापली आहे. तळाचं प्लॅस्टिक १३५ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून इस्त्री एका जागी थांबता कामा नये. कोळशाच्या इस्त्रीवर ताबा राहत नाही, ती यासाठी घेऊ नका.

आता जागा. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो. टिनाच्या छपराखाली, माळ्यावर, त्याहून बराच जास्त. त्या तापात पत्रे, लाकूड आणि प्लॅस्टिक एकमेकांना धरून ठेवणारं इपॉक्सी हळूहळू मऊ पडतं. रोज तापणं आणि रात्री निवणं असं दोन महिने चाललं की तळ आपला आकार बदलतो. टिनाखाली ठेवलेली स्की हंगामाच्या सुरुवातीला खोलगट किंवा फुगीर निघाली तर नवल नाही. कवेलूच्या, मातीच्या भिंतीच्या घरातली मधली खोली सगळ्यात चांगली. स्लॅबच्या घरात तळमजल्याची, पश्चिमेची भिंत नसलेली खोली.

कूलरच्या खोलीत ठेवू नका. त्याची हवा दिवसभर ओली असते. खताच्या पोत्यांच्या खोलीत तर मुळीच नको. युरिया आणि पोटॅश हवेतली ओल ओढतात, पोटॅशमधलं क्लोराइड पोलाद खातं. वेचलेला कापूस भरलेली खोलीही टाळा. भिंतीला लोना फुटत असेल तर स्की टेकवू नका, खाली दोन फळ्या टाकून त्यांवर आडवी ठेवा.

दोन्ही स्की बांधताना टोकाशी आणि शेपटीशी सैल पट्टा. मधोमध आवळून बांधलं तर कमान दाबून राहते, आणि उन्हाळ्याच्या उष्णतेत ती बसू शकते. मिरगाआधी एकदा आणि पोळ्यानंतर एकदा पिशवी उघडून कडा बघा. मेणाचा थर फाटला असेल तिथे मेणबत्ती चोळा. बाइंडिंगचा आकडा, म्हणजे बूट किती जोराला सुटेल ते ठरवणारा स्प्रिंगचा अंक, सैल करून ठेवायचा सल्ला ऐकायला मिळतो. स्प्रिंगला त्याची गरज नाही, आणि सैल केलेला आकडा परत न लावता उतारावर जाणं जास्त धोक्याचं. तो असेल तसाच राहू द्या.

बुटांचे हुक हलके लावून ठेवा म्हणजे प्लॅस्टिकचा आकार राहतो. अस्तरात उंदीर शिरतात, तोंडाला जाळी बांधा. पॉलियुरेथेनचे बूट दमट उष्णतेत आतून कुजतात. दहा-बारा वर्षांचे झाले असतील तर कवच जोराने पिळून बघा. केसासारखी चीर दिसली तर ते बूट उतारावर नेऊ नयेत, एका वळणात फुटतात.

धार बरोबर, तळ सपाट, तरी थरथरते

हे थोडक्यात. बोटाच्या सांध्याने स्कीवर टोकापासून शेपटीपर्यंत टकटक करा. आवाज पोकळ झाला तिथे थर सुटले आहेत. दोन्ही स्की तळाला तळ लावून दाबा. टेकायच्या जागा दोन्हीकडे सारख्या मिळाल्या पाहिजेत. एकीकडे फट राहिली तर एक स्की वाकली आहे. वाकलेलं टायटॅनल सरळ होत नाही, ती जोडी कडक बर्फासाठी संपली. बाइंडिंगचे स्क्रू हाताने तपासा. सैल असतील तर स्वतः आवळून गाभ्यातलं लाकूड मोडू नका, बाइंडिंगचं काम जाणणाऱ्याकडे द्या. बूट बसवून पुढचा दाब दाखवणारी खूण तिच्या पट्ट्यात आहे का तेही त्याच वेळी बघून घ्या.

उतारावर पोचल्यावर

जाड मेण घरीच, निघायच्या आदल्या दिवशी खरवडा, कडांवरचं आधी. गुलमर्गच्या पहिल्या दिवशी दहा वाजेपर्यंत बर्फ टणक असतो, फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये तर रोजच, कारण दुपारी वितळतो आणि रात्री गोठतो. तपासणी त्या वेळेत करा. दुपारच्या मऊ बर्फावर कुठलीही स्की धरते आणि दोष झाकला जातो.

खिशात ४०० चा एक छोटा दगड आणि मार्कर ठेवा. सुटली तर प्रथम अदलाबदल, मग मार्कर. कानस खोलीवर ठेवून या. स्कीच्या वरच्या पृष्ठभागावर, बाइंडिंगजवळ, रंगाच्या पेनने लिहून ठेवा: तळ ०.५, बाजू ३, शेवटची कानस कोणत्या महिन्यात. दुकानात दिली तर तिथल्या माणसाला विचारावं लागत नाही, आणि पुढच्या जानेवारीत तुम्हालाही आठवावं लागत नाही. बाजूने मोजल्यावर कडेचं पोलाद १ मि.मी. च्या खाली आलं असेल तर तिथे लिहा, आता फक्त हिऱ्याचा दगड.